तिसरी सही

लूमिसच्या विमानाने नेब्रास्का ओलांडलं, तेव्हा जोलीन बोरमनने डोरीच्या हॉटेलात टेबलावर अशी थाप मारली की तिघांचीही कॉफी सांडली.

"गेलं! वायोमिंगात शिरलं!" तिने फोन नाचवला. "आता बोल की वेंडेल. काल काय छातीठोक सांगत होतास? मिनेसोटाची बाई येणार म्हणे!"

लूमिस म्हणजे बियाण्यांचा कारखानदार, लिंडहोम कॉलेजचा सगळ्यात मोठा देणगीदार. मुलींच्या बास्केटबॉल संघाला नवा कोच शोधायचा तर क्रीडा संचालक ब्रूस नीमन त्याच्याच विमानातून हिंडणार, आणि त्या विमानाच्या शेपटीवरचा नंबर अर्ध्या गावाला पाठ. कॉलेज तोंडाला कुलूप लावून बसतं आणि लोक फोनवर तो पिवळा ठिपका बघत बसतात. सत्तरी उलटलेली, गुडघे बदललेली माणसं. नातवाचा वाढदिवस विसरतील, पण विमान किती वाजता कुठे टेकलं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

"अजून उतरलं नाही ना?" वेंडेल क्रुसे म्हणाला. चाळीस वर्षं त्याने डुकरांचं खाद्य विकलं होतं, त्यामुळे घाई कशाचीच नव्हती. "मुलींचा संघ आहे. कोच बाई नको का?"

"बावीस वर्षं बाईच होती ना? पॅम. देवमाणूस! आणि मागच्या हंगामात एकवीस सामने हरली ती देवमाणूस."

"पॅम मुलींच्या आयांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी करायची, जोलीन."

"चौकशी करून बॉल जाळीत पडत नाही! मला मरायच्या आधी एकदा तरी आपल्या हेरन्स संघाला राष्ट्रीय स्पर्धेत बघायचंय. तू बस चौकश्या करत."

तिसऱ्या खुर्चीत आर्डिस हॅलवर्सन बसली होती. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, अडुसष्ट वर्षांची, कमी बोलणारी बाई. कॉलेजचे सामने होतात त्या ओस्टबी हॉलमध्ये सेक्शन एफ, तिसरी रांग, या तिघांच्या खुर्च्या वीस वर्षं शेजारी शेजारी. जोलीन आरडाओरडा करायची, वेंडेल पंचांना शिव्या घालायचा आणि आर्डिस दोघांना शेंगदाणे पुरवायची. वायोमिंगचं नाव निघालं तेव्हा तिने दालचिनीच्या रोलचा तुकडा उचलला होता. तो हातातच राहिला.

"टेकलं!" जोलीन किंचाळली. डोरीने काउंटरमागून मान वर केली. "रॉलिन्स क्रीक! तिथे आहे काय? एक कॉलेज आणि मेंढ्या. नीमन काही मेंढ्या बघायला गेलेला नाही. मॅडॉक! ट्रेव्हर मॅडॉकला आणतायत!"

सगळं हॉटेल टेबलाभोवती जमलं. चौदा वर्षांत नऊ वेळा लीग जिंकलेला माणूस. कोणी म्हणालं, तो आपल्याकडे येतोय हेच नशीब. कोणी म्हणालं, लूमिसने थैली सोडली असणार. वेंडेलने तेवढ्यात नाक खुपसलंच, "त्याच्याबद्दल कसलीशी तक्रार झाली होती ना मागे? मुलींची वजनं करायचा, आकडे भिंतीवर लावायचा, असं काहीतरी वाचल्याचं आठवतं."

"थांब, चाहत्यांच्या फोरमवर बघते." जोलीनचा अंगठा भराभर फिरला. "हे बघ. अकरा वर्षांपूर्वीचं प्रकरण. एकाच मुलीची तक्रार. आणि खाली हे पत्र टाकलंय कोणीतरी. 'आम्ही पालक कोच मॅडॉक यांच्या पाठीशी आहोत, आमच्या मुली त्यांच्या हाती सुरक्षित आहेत.' अकरा पालकांच्या सह्या. पहिली कोणी डेल्गाडो, दुसरी कोणी प्रायर, तिसरी..." ती थांबली. मग तिचा चेहरा असा फुलला, जणू लॉटरी लागली. "अगं आर्डिस! ही तूच की!"

सगळ्यांच्या माना वळल्या. आर्डिसने रोलचा तुकडा बशीत ठेवून दिला.

आर्डिसची मुलगी करिन मॅडॉककडे खेळत होती हे गावाला माहीत होतं. करिन विसाव्या वर्षी गेली हेही माहीत होतं. हृदयात जन्मापासून काहीतरी होतं, डॉक्टरांच्याही लक्षात आलं नाही, असं आर्डिसनेच सांगितलं होतं आणि कोणी खोदून विचारलं नव्हतं. लिंडहोममध्ये माणसं दुःखाच्या घरी डबे पोचवतात, प्रश्न विचारत नाहीत.

"आणि करिनच्या नावाने तो दर वर्षी पुरस्कार देतो की!" जोलीनचा आवाज मऊ झाला. "सगळ्यात चिवट मुलीला. किती मोठ्या मनाचा माणूस म्हणायचा. सांग ना, आर्डिस. तू ओळखतेस त्याला. कसा आहे?"

सांगायची वेळ हीच होती. हॉटेल गप्प होतं, वेंडेलने तर कानातलं यंत्रसुद्धा नीट बसवलं. आर्डिसने तोंड उघडलं आणि तिच्या कानांनी ऐकलं ते असं:

"कडक होता." मग जरा थांबून, "एवढंच."

"एवढंच!" जोलीनने टाळी दिली. "कडकच हवाय आम्हाला!" आणि तिथल्या तिथे तिने फोरमवर टाकून दिलं: ज्या आईची मुलगी मॅडॉककडे खेळली, तिच्या तोंडून आत्ता ऐकलं. कडक आहे, बाकी काही नाही. विषय संपला.

दुपारपर्यंत ते हजारभर लोकांनी वाचलं होतं.

आर्डिस घरी आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिली. बाई बसमधल्या पन्नास पोरांना नुसत्या आरशातून बघून गप्प करायची. आणि आज एका शब्दासाठी तिची वाचा बसली होती.

खरं काय होतं ते तिला एकटीला माहीत होतं. दर सोमवारी सरावाआधी काटा. आकडे भिंतीवर, सगळ्यात जड मुलगी सगळ्यात वर, आणि तिच्यासाठी संघाने जास्तीच्या दहा फेऱ्या मारायच्या. म्हणजे मैत्रिणीच मैत्रिणीच्या ताटाकडे बघायला लागणार! करिन जवळजवळ सहा फूट उंच, हाडापेराने बापावर गेलेली. पहिल्या वर्षी भिंतीवर कायम सगळ्यात वर. दुसऱ्या वर्षी ती खाली खाली सरकत गेली आणि मॅडॉकने तिला सुरुवातीच्या पाचात घेतलं. आर्डिसला अभिमान वाटला होता. हो, अभिमानच. तिने चर्चमध्ये सांगितलं होतं सगळ्यांना.

मग त्या ब्रेना नावाच्या मुलीने तक्रार केली आणि मॅडॉकचा फोन आला. किती गोड आवाज. 'मिसेस हॅलवर्सन, तुमच्यासारख्या समंजस पालकांचा आधार हवाय.' आर्डिसने लायब्ररीत जाऊन सही केलेला कागद फॅक्सने पाठवला आणि येताना स्वतःला आइसक्रीम घेतलं. त्याच आठवड्यात करिनने फोन केला.

"मॉम, गाडी घेऊन ये ना. मला घरी यायचंय."

"नऊ तासांचा रस्ता आहे, करिन. बर्फ पडलंय. झालंय काय एवढं?"

"काही नाही. थकलेय."

"हंगाम संपेपर्यंत दम धर. अर्ध्यातून उठून यायची आपल्या घरात रीत नाही."

करिन म्हणाली, "बरं." हंगाम संपायला सात आठवडे होते. सहाव्या आठवड्यात ती हॉस्टेलच्या न्हाणीघरात पडलेली सापडली. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं: पोटात काही नाही, रक्तात क्षार नाहीत, हृदय थांबलं. अंत्यविधीला मॅडॉक सगळा संघ घेऊन आला आणि आर्डिसचे दोन्ही हात धरून रडला. त्या हातांनी आपण सही केली होती, हे आठवून आर्डिसने ते सोडवून घेतले. मग ती सगळ्यांना जन्मापासूनचं काहीतरी सांगत सुटली. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग तेच खरं करून जगणं भाग पडलं.

रविवारी टालिया जेवायला आली.

संघाच्या चाहत्यांच्या टिपऑफ क्लबची ही जुनी पद्धत. गावातल्या एकेका घराने संघातली एकेक मुलगी आपली मानायची. वाढदिवसाला केक, रविवारी जेवण, परीक्षेच्या दिवसांत बिस्किटांचा डबा. आर्डिसच्या वाट्याला दोन वर्षांपूर्वी टालिया व्हिटफील्ड आली होती. मिलवॉकीची, गार्डच्या जागेवर खेळणारी, तोंडाची फटकळ. तिचे वडील शहराची बस चालवायचे, त्यामुळे पहिल्याच जेवणात दोघींचं ब्रेक आणि क्लचवर जमलं होतं. ती बटाट्याच्या गोळ्यांचं हॉटडिश तीनदा वाढून घ्यायची आणि आर्डिस ते बघताना स्वतः जेवायचं विसरायची.

"मिसेस एच, एक विचारू?" टालियाने काटा खाली ठेवला. "कोच बदलला की आम्हाला महिन्याची मुदत मिळते. त्यात नाव नोंदवलं तर दुसऱ्या कॉलेजात जाता येतं. पण नाव नोंदवलं की इथली शिष्यवृत्ती गेली. आणि माझे सरासरी सहा पॉइंट, मला कोण विचारणार? बाबा म्हणाले, घाबरू नकोस, तुझ्या त्या मिसेस हॅलवर्सननी लिहिलंय की माणूस चांगला आहे. त्यांची स्वतःची मुलगी होती तिथे." ती हसली. "म्हणून विचारते. राहू ना मी?"

आर्डिस उठली. आतल्या खोलीतून तिने एक छोटी डायरी आणली आणि हॉटडिशच्या भांड्याशेजारी ठेवली. करिनच्या सामानातून आलेली. दर सोमवारी एक आकडा. एकशे अठ्ठावन्न पौंड. एकशे एकावन्न. एकशे बेचाळीस. प्रत्येक आकड्याच्या पुढे वेगळ्या हस्ताक्षरात, लाल शाईने, शेरा: 'छान. अजून तीन.' शेवटच्या सोमवारी एकशे एकोणीस. त्यापुढे लाल शाईत: 'शाबास, करिन!' खाली टी. एम.

मग तिने सगळं सांगितलं. फोन, सही, आइसक्रीमसुद्धा. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. सांगताना रडली नाही, फक्त टेबलावरचं मीठ इकडून तिकडे करत राहिली.

टालियाने डायरी दोनदा चाळली. "मग तुम्ही डोरीच्या हॉटेलात तसं का बोललात?"

"लाज वाटली."

"कसली?"

"सही माझी आहे ना, पोरी. त्याचं खरं सांगायचं म्हणजे आधी माझं सांगावं लागतं."

टालियाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही हे आर्डिसच्या लक्षात आलं. "उद्या त्याला गावासमोर आणतायत," ती घाईने म्हणाली. "ट्रस्टींची मंजुरी मंगळवारी आहे. मंजुरीशिवाय करार होत नाही. मी उद्या सगळ्यांसमोर बोलते. तोवर तू काही ठरवू नकोस. ऐकतील माझं. वीस वर्षं ओळखतात मला."

सोमवारी ओस्टबी हॉल निम्मा भरला होता. बँड वाजत होता, फुगे होते, क्लबच्या बायकांनी निळ्या साखरेची बिस्किटं केली होती. मॅडॉकच्या केसांत पांढरं आलं होतं, त्याने तो जास्तच भारदस्त दिसत होता. त्याने मुलींना 'माझं कुटुंब' म्हटलं. जोलीनच्या डोळ्यांत पाणी आलं. मग नीमन म्हणाला, "आता क्लबच्या सभासदांचे प्रश्न," आणि आर्डिस उभी राहिली. खाली पहिल्या रांगेत बसलेल्या टालियाने मागे वळून बघितलं.

माइक हातात आला. पर्समध्ये डायरी होती.

"मी आर्डिस हॅलवर्सन. तुम्ही सगळ्यांनी ते पत्र वाचलंय. त्यात तिसरी सही माझी आहे." तिचा आवाज हॉलभर घुमला, तिलाच परका वाटला. "ती सही मी परत घेते. माझी मुलगी हृदयाच्या आजाराने गेली नाही. ती उपाशी मेली. या माणसाच्या काट्यावर."

बँडवाल्यांपैकी कोणाची तरी झांज खाली पडली. आर्डिस पर्सची चेन ओढायला लागली, ती अडकली. आणि तेवढ्यात मॅडॉक मंचावरून उतरून थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिला काही कळायच्या आत त्याने तिला मिठीत घेतलं. माइक त्याच्या हातात गेला.

"करिनच्या आईपेक्षा मोठं दुःख या हॉलमध्ये कोणाचंच नाही," तो म्हणाला, आणि त्यात नाटक नव्हतं. "त्या दिवसापासून मीही नीट झोपलेलो नाही. मॅम, माझ्यावर रागावून तुम्हाला थोडं हलकं वाटत असेल, तर खुशाल रागवा. मी इथेच आहे."

टाळ्या. लोक उठून उभे राहिले, कोणी डोळे पुसले. आर्डिसचं तोंड त्याच्या कोटात दाबलेलं होतं आणि कोटाला धोबीघराचा वास येत होता. तिने धडपडून स्वतःला सोडवलं तोवर माइक नीमनकडे पोचला होता आणि बँडने संघाचं गाणं सुरू केलं होतं.

बाहेर पार्किंगमध्ये जोलीनने तिला गाठलं.

"वीस वर्षं मी तुझ्या शेजारी बसले, आर्डिस. करिनच्या शोकसभेचं जेवण मी रांधलं. जन्मापासून हृदयात दोष, हे तू माझ्या गळ्यात पडून सांगितलंस. आता म्हणतेस तसं नव्हतं. मग तेव्हा खोटं बोललीस की आत्ता बोलतेयस?"

"तेव्हा."

"आणि परवा डोरीकडे? 'एवढंच' म्हणालीस ते?"

"तेही."

"म्हणजे सोयीने बोलतेस तू. मी ते फोरमवर टाकलं, माझ्या नावाने! लोक आता मला तोंडावर हसणार." जोलीन दुष्ट बाई नव्हती. तोंडघशी पडली होती आणि ते तिला सोसत नव्हतं. "वेड लागलंय तुला," असं म्हणून ती गाडीकडे निघून गेली.

वेंडेल मागे राहिला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "माझा विश्वास आहे तुझ्यावर."

"मग नीमनला सांग. ट्रस्टींना सांग."

"माझं कोण ऐकतं, आर्डिस," तो म्हणाला आणि टोपी घातली. त्याच आठवड्यात त्याने पुढच्या हंगामाच्या तिकिटांचे पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डायरी घेऊन नीमनच्या ऑफिसात गेली. त्याने पानांच्या छायाप्रती काढून घेतल्या, पाणी विचारलं आणि योग्य ती दखल घेऊ म्हणाला. दुपारी चार वाजता मॅडॉकचा सहा वर्षांचा करार मंजूर झाला.

टालियाने फोन केला तेव्हा आर्डिसने आधीच ठरवून ठेवलं होतं. मिनेसोटात एक छोटं कॉलेज आहे, मी पैसे घालते, घर विकते, काय वाटेल ते करते. टालियाने सगळं ऐकून घेतलं.

"मी राहतेय, मिसेस एच."

"टालिया, ऐक माझं."

"तुम्ही म्हणालात ते ऐकतील. वीस वर्षं ओळखतात." तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "त्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचं कोणी ऐकलं नाही, माझं दुसरीकडे कोण ऐकणार? मी करिन नाही. मी काळजी घेईन माझी."

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. क्लबने मुली वाटून देण्याच्या यादीतून आर्डिसचं नाव काढलं होतं. नव्या कोचने घरोघरची जेवणंच बंद केली होती, खाणंपिणं आता संघाच्या तक्त्याप्रमाणे. तरी आर्डिसने आपली खुर्ची सोडली नाही. जोलीन चार खुर्च्या पलीकडे सरकली. वेंडेल मधे बसायचा आणि पंचांना पूर्वीपेक्षा हळू शिव्या घालायचा. शेंगदाणे कोणीच खात नव्हतं.

आणि संघ जिंकत सुटला! सहा सामने ओळीने, मग नऊ, मग तेरा. हॉल भरायला लागला. टालिया सुरुवातीच्या पाचात आली. ती चपळ झाली होती, सगळे म्हणायचे, केवढी चपळ झालीय ही पोर. आर्डिसला तिच्या गळ्याची हाडं दिसायची. ओरडून सांगावंसं वाटायचं, आणि ती नुसती जर्सीचा गळा किती खाली लोंबतोय ते बघत बसायची. एकदा ती सरळ कॉलेजच्या दवाखान्यात गेली. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, तुम्ही नात्यातल्या नाही ना? मिलवॉकीला टालियाच्या वडिलांना फोन केला, तर ते आधी नीट बोलले, मग म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहिलं होतंत ना चांगला आहे म्हणून? मुलगी खुशीत आहे. सुरुवातीच्या पाचात आहे." हे सगळं शब्द न शब्द आर्डिसच्या ओळखीचं होतं.

सामना संपला की मुली कठड्याकडेने पळत जातात आणि प्रेक्षक वाकून त्यांच्या हातावर टाळी देतात, ही ओस्टबी हॉलची रीत कोचलाही मोडता आली नव्हती. आर्डिस तिसऱ्या रांगेतून उतरून कठड्याशी उभी राहायला लागली. टालियाचा हात तिच्या हाताला लागायचा तेवढ्या एका क्षणात ती दर वेळी तेच म्हणायची.

"गाडी बाहेर उभी आहे."

पहिल्यांदा टालिया हसली. दुसऱ्यांदा मान हलवून नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तोंड न हलवता पुटपुटली, "नका ना, तो बघतोय." त्यानंतर ती नुसती पुढे बघत पळायची. आर्डिस म्हणायची सोडत नव्हती. ती दर सामन्याला दीड तास आधी यायची, गाडी मागच्या दाराशी, तोंड रस्त्याकडे करून लावायची, पुढची सीट रिकामी ठेवायची, मागे घोंगडी आणि थर्मासमध्ये सूप. हॉल रिकामा झाला की तासभर तिथेच बसायची. मग सूप घरी नेऊन मोरीत ओतायची. पहारेकरी तिला ओळखायला लागला होता. गावाने तिला केव्हाच वेड्यात काढलं होतं. काढू दे. पूर्वी शहाणी म्हणून सही केली होती तिने.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी हेरन्सनी लीग जिंकली. वरून निळे कागद उडाले, माणसं खुर्च्यांवर चढली, जोलीन वेंडेलच्या गळ्यात पडून रडली. मॅडॉकला मुलींनी खांद्यावर घेतलं. सगळा हॉल उड्या मारत होता आणि टालिया मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. कोणाचं लक्ष नव्हतं. आर्डिसचं होतं.

मॅडॉकला उचलून धरलेल्या मुली सोडून बाकीच्या कठड्याकडेने निघाल्या. टालिया सगळ्यात मागे होती, पळत नव्हती, चालत होती. जवळून तिच्या ओठांवर निळी झाक दिसत होती, आणि ती रंगाची नव्हती. आर्डिसने हात पुढे केला.

"गाडी बाहेर उभी आहे."

टालियाने टाळी दिली नाही. तिने तो हात धरला. आर्डिसची बोटं तिच्या मनगटाभोवती मिटली आणि मिटून वर उरली.

"कुठल्या दाराशी?" टालियाने विचारलं.

"मागच्या."

"मला तिथवर चालवेल असं वाटत नाही, मिसेस एच."

आर्डिस हॅलवर्सन अडुसष्टाव्या वर्षी कठड्यावरून उतरली. एक पाय अडकला, कोट टरकन फाटला, कोणीतरी ओरडलं की बाई, इथे यायला परवानगी नाही. तिने टालियाचा हात आपल्या खांद्यावर घेतला. ती पोर सहज उचलली गेली, आणि तेव्हा कुठे आर्डिसला रडू आलं. चार खुर्च्यांपलीकडे जोलीनचं नाचणं थांबलं होतं. ती तोंडावर हात ठेवून बघत होती. मॅडॉक अजून खांद्यांवरच होता.

"हॉस्पिटल बारा मिनिटांवर आहे," आर्डिस म्हणाली. "थांबायचं नाही कुठे."

पहारेकऱ्याने न विचारता दार उघडून धरलं. बाहेर बर्फ पडत होतं आणि गाडीचं तोंड रस्त्याकडेच होतं.